दमयंतीला सुट्टी नाही

२७ ऑक्टोबर, सोमवार

वारा ईशान्येचा, हलका. समुद्र शांत. आकाश स्वच्छ.

ही जहाजावरची खोड. वहीत आधी वारा लिहिला नाही तर हात पुढे सरकत नाही. पहिल्या पानावर नाव आणि हुद्दा लिहायची पण रीत असते, तेव्हा तेही लिहून टाकतो. महिपत मयेकर, वय साठ, राहणार मांडवी, रत्नागिरी. साध्या खलाशाचा बोसन झालो, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. ऑगस्टमध्ये शेवटचं जहाज सोडलं आणि कायमचा घरी आलो.

वही सूनबाईने दिली. दिवाळीला ठाण्याहून सगळी आली होती, तेव्हा निशिगंधा म्हणाली, "बाबा, रोज जे काही वाटतं ते यात लिहीत जा." रोज संध्याकाळी फोन करून मी तिचं डोकं खातो ते थांबावं, एवढाच त्याचा अर्थ. मी काही दूधखुळा नाही. पण वही चांगली जाड आहे, वाया कशाला घालवा.

तर काय वाटतं? असं वाटतं की हे गाव संध्याकाळी मरतं. धक्क्यावर जा, भेळ खा, सूर्य बुडाला की घरी या. आठला बाजारातली शटरं खाली. त्यानंतर माणसाने करायचं काय, भिंतीवरच्या पाली मोजायच्या? मी ब्राझीलचं सांतोस पाहिलंय, सिंगापूर पाहिलंय. तिथे आठ वाजता लोक आंघोळ करून बाहेर पडतात.

म्हणून ठरवलंय. डिसेंबरात ठाण्याला जायचं. मुलाने, सुजयने त्याच्याच सोसायटीत आमच्यासाठी भाड्याची जागा बघून ठेवली आहे. तिथे रोज नाटक, गाणं, प्रदर्शन, काही ना काही असतं. इथलं घर कुलूप लावून ठेवू. दमयंतीला विचारलं, "चालेल ना?" म्हणाली, "बघू या हो. डिसेंबर तर येऊ दे." म्हणजे हो. बायको नको म्हणाली नाही की ते हो असतं, एवढं मला कळतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

वारा पडलेला. उकाडा.

झोप नाही. जमीन हलत नाही त्याचा त्रास होतो, हे कुणाला सांगितलं तर हसतील. पहाटेच उठून धक्क्यावर गेलो, परत आलो, नारळाला पाणी घातलं, परत धक्क्यावर गेलो. शेजारची सोनूबाई कुंपणावरून म्हणाली, "भावोजी, काय हरवलंय काय?" म्हटलं, काही नाही. तिचं तोंड फाटकं, जास्त बोलण्यात अर्थ नाही.

दमयंती रोज सातच्या सुमारास बाहेर पडते. "जाऊन येते हां. सार झाकून ठेवलंय, भात कुकरात आहे." शाळेच्या हॉलवर जाते. मी विचारलं, "भजनाला का?" तर हसून म्हणाली, "तसंच समजा." बायकांची मंडळं असतात, त्यातलंच काहीतरी असणार. मी इथे एकटा ताटावर. माणूस जन्मभर समुद्रावर एकटा जेवला, घरी येऊनही तेच.

अजून एक. हल्ली ती बांगडे साफ करताना ओठ हलवते, एकटीच. आवाज नसतो. वयाने होतं असं. ठाण्याला गेलो की चांगल्या डॉक्टरला दाखवू.

५ नोव्हेंबर, बुधवार

ईशान्य वारा. थंडीची चाहूल. त्रिपुरी पौर्णिमा.

देवळात दिवे लावायला गेलो होतो. अख्खी आळी होती. दीपमाळ छान दिसत होती, नाही म्हणत नाही. पण एक आरती, एक प्रसाद, झालं! यापलीकडे काही असेल तर शपथ.

लोक मात्र खूप भेटले. दमयंती माझ्या उजव्या खांद्याशी उभी होती. समोरून कुणी आलं की हळूच सांगायची, "हे भिकाजीभावोजी. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, विचारा." मी लगेच, "काय भिकाजी, गुडघा काय म्हणतो?" तो खूश. "ही सावित्रीची थोरली, नर्स झाली." मी, "अगं, तू तर नर्स झालीस म्हणे!" ती पण खूश. भिकाजी सगळ्यांदेखत म्हणाला, "महिपत एवढी वर्षं बाहेर राहिला, पण माणसं विसरला नाही." माझी स्मरणशक्ती पहिल्यापासून दांडगी.

निघताना एक तरुण पोरगी धावत आली. दमयंतीचा हात धरून म्हणाली, "काकू, उद्या लवकर या हां. तुमच्याशिवाय काही उभं राहत नाही." कसला तरी मंडप घालत असतील.

१२ नोव्हेंबर, बुधवार

उद्या ठाण्याला निघतोय, जागा बघायला. दमयंतीला म्हटलं, चल, चार दिवस मजा करू.

"मला नाही जमायचं. सुट्टी नाही."

"सुट्टी? तू कुठे नोकरीला आहेस?"

हसली आणि माझी बॅग भरायला लागली. हिचं हसणं काही वेळा कळत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. ठाणे

वारा कळत नाही. चौदाव्या मजल्यावर सगळ्याच बाजूंनी येतो.

याला म्हणतात शहर! आज सुजयने नाटकाला नेलं. थेटर काय, खुर्च्या काय, दिवे काय! नाटक विनोदी होतं. मी हसलो आणि सवयीने उजवीकडे वळलो, तर तिथे एक अनोळखी गृहस्थ, तो मोबाइल बघत होता. मध्यंतरात बटाटेवड्याच्या दोन प्लेटा मागितल्या. दुसरी कुणासाठी मागितली कोण जाणे. सुजय तेलकट खात नाही, निशिगंधा संध्याकाळी खातच नाही. दोन्ही मीच संपवल्या. आता छातीत जळजळतंय.

दमयंतीला फोन केला होता, सांगणार होतो काय काय पाहिलं ते. उचलला नाही. मग निरोप आला, "कामात होते. गोळी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आहे." जळजळीचं मी तिला सांगितलंही नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार. ठाणे

सकाळी मुंबईला चित्रांचं प्रदर्शन पाहिलं. एका भिंतीवर नुसता निळा रंग. लोक त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभे. मी पण राहिलो. मनात म्हटलं, असला निळा मी रोज फुकट बघत होतो. संध्याकाळी एका हॉटेलात लाइव्ह बँड होता. पोरापोरींनी काय धमाल केली! मीही ठेका धरला. बँडवाल्याने टाळ्या वाजवा म्हटल्यावर वाजवल्या. एकदम मस्त वेळ गेला. परत येताना मोटारीत कुणीच काही बोललं नाही. दमले असतील.

१६ नोव्हेंबर, रविवार. ठाणे

आज सगळे घरात. नात मृणाली माझ्यासमोर सोफ्यावर. नऊ वर्षांची, गोड पोर. मी म्हटलं, "शाळा काय म्हणते?" ती म्हणाली, "बरी आहे." झालं. पुढे काय विचारायचं ते सुचेना. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. मग ती उठून आत गेली.

सुजयशीही तेच. जेवणाच्या टेबलावर बापलेक समोरासमोर बसलो आणि पंख्याचा आवाज ऐकला. आश्चर्य वाटतं. जहाजावरून फोन करायचो तेव्हा हा पोरगा केवढा बोलायचा माझ्याशी! लाइन खरखरायची, अर्धं ऐकू यायचं नाही, कान रिसीव्हरला चिकटवून उभा राहायचो. आधी दमयंती असायची. हळू आवाजात सांगायची, "चित्रकलेत बक्षीस मिळालंय, शाब्बास म्हणा. सायकलवरून पडलाय, ओरडू नका. कबड्डीचं विचारा, खूप दिवस वाट बघतोय." मग फोन त्याच्या हातात. लाइन तुटेपर्यंत आमच्या गप्पा चालायच्या.

आता समोर बसून विषय सापडत नाही. शहरात माणसं अशीच होत असावीत. पण जागा चांगली आहे. नक्की केली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वारा उत्तरेचा. परत रत्नागिरी.

संध्याकाळच्या गाडीने आलो तर दाराला कुलूप. सोनूबाई चावी घेऊन आली.

"तिनं माझ्याकडे ठेवलीन. तालमीला गेलीय ती."

"कसली तालीम?"

"अवो, नाटकाची! तुमाला ठाव नाय?" कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. "सुजय शाळेत होता तवापासून जातेय. कलाकारांना वाक्य सांगायला पडद्याच्या बाजूला उभी असते ना ती? ती नसली तर त्यांचं नाटक होत नाय. कमाल झाली बाई तुमची!"

घरात येऊन बसलो. चहा केला नाही, दिवाही लावला नाही. आठवायला लागलो. फोनवर ती म्हणायची खरी, "आज नाटकाला जायचंय." मी म्हणायचो, "जा की, मजा कर." मला वाटायचं, बघायला जाते. मग मी नारळाचं, गळक्या पन्हाळीचं, सुजयच्या मार्कांचं विचारायचो. लाइन महाग असायची, त्यात नाटकाचं काय विचारणार?

आणि आज डोक्यात प्रकाश पडला तो वेगळाच. मी सुट्टीवर यायचो ते दर खेपेला एप्रिल-मेमध्ये. आंबे, लग्नं, सुजयची शाळेची सुट्टी. पावसाच्या तोंडावर पुन्हा जहाजावर. आम्ही सगळेच दर्यावर्दी तसंच करतो. आणि नाटकं, गाणी, स्पर्धा हे सगळं दिवाळीनंतर! म्हणजे जन्मभर मी पाहिलं ते मे महिन्यातलं गाव. हिवाळ्यातली रत्नागिरी मला कुणी दाखवलीच नाही.

राग आला. कुणाचा ते नक्की कळलं नाही. दमयंती आली तेव्हा तिच्यावर काढला. "एवढं मोठं लपवून ठेवलंस?"

"लपवलं कुठे हो? दर वर्षी सांगायचे." चप्पल काढता काढता एवढंच म्हणाली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज न बोलावता शाळेच्या हॉलवर गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. म्हटलं, बघू तरी.

विनीत नावाचा कॉलेजातला मास्तर दिग्दर्शक आहे, नाटकही त्यानेच लिहिलंय. दोन बहिणी आणि त्यांचा दवाखाना बंद करायला निघालेला डॉक्टर बाप, अशी गोष्ट. थोरली बहीण म्हणजे देवळात भेटलेली ती पोरगी, अक्षया. दिवसभर मोबाइलच्या दुकानात काम करते आणि इथे उभी राहिली की कोणी वेगळीच होते. बरं करतात सगळे. स्पर्धेसाठी चाललंय.

आमची बाई कुठे, तर कोपऱ्यात एका बुटक्या खुर्चीवर. मांडीवर नाटकाचे कागद, पण कागदाकडे बघतच नव्हती. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. कुणी अडला की हिचा शब्द तयार. तोही एकच, पुरतं वाक्य नाही. लगेच त्याची गाडी सुरू. बांगडे साफ करताना ओठ का हलायचे ते आज कळलं. डॉक्टरची गरज नाही, एक काम कमी झालं.

घरी येताना विचारलं, "तुला कधी नटी व्हावंसं वाटलं नाही?"

"नाही बाई. अडलेल्याला पुढचा शब्द द्यायचा. तेवढा मिळाला की माणूस आपोआप बोलतो. मला तेच आवडतं."

"आणि टाळ्या कुणाला?"

"त्याला. त्यालाच मिळायला हव्यात की."

तोट्यातला धंदा! इतकी वर्षं अंधारात उभं राहून कुजबुजायचं आणि पत्रिकेत नाव शेवटच्या ओळीत. याला काय काम म्हणायचं? असले उद्योग ठाण्यातही मिळतील तिला. सोसायटीत बायकांचं मंडळ आहे, मी चौकशी केली आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वारा ईशान्येचा. समुद्र किंचित खवळलेला.

टेम्पो ठरवला. भाट्ये गावचा संदेश, ओळखीचा पोरगा. पाच डिसेंबर, सकाळी. जेवताना दमयंतीला तारीख सांगितली. ती भात वाढत होती. वाढता वाढता हात थांबला. मग म्हणाली, "बरं."

कटकट नाही, रडारड नाही. समंजस बाई! याला म्हणतात दर्यावर्द्याची बायको. आमची रीतच ती, तारीख आली की निघायचं. कंपनीने मला कधी विचारलं नाही की मयेकर, जमेल का? तार यायची, पुढे फोन यायचा, मी घरात तारीख सांगायचो आणि दमयंती लाडवाचा डबा काढायची.

आजही काढला. रात्रीच्या सारात मात्र मीठ दोनदा पडलं होतं. मी काही बोललो नाही. एवढा मोठेपणा माझ्यात आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सामान बांधतोय. गाठी अजून हाताला येतात, एक खोका हलायचा नाही.

सगळं मनासारखं चाललंय. मग पाय का ठरत नाहीत? तीनदा धक्क्यावर जाऊन आलो. एक मोठं जहाज क्षितिजावर थांबलेलं दिसलं. वाटलं, त्यावर चढावं. मग वाटलं, नको. घरात बसवत नाही, बाहेर उभं राहवत नाही. च्यायला, कसली ही निवृत्ती!

१ डिसेंबर, सोमवार

दुपारी विनीत आणि अक्षया आले. दमयंती बाजारात गेली होती. पोरगी दारातच रडायला लागली. मला काही कळेना.

विनीत म्हणाला, "काका, स्पर्धेत आमच्या नाटकाचा दिवस पाच डिसेंबर आहे. संध्याकाळी सात. तुमचा टेम्पो त्याच दिवशी सकाळी आहे असं कळलं."

"मग मला आधी सांगायचं नाही?"

"काकूंना पंधरा दिवसांपूर्वीच माहीत होतं." तो जरा घुटमळला. "त्या म्हणाल्या, मी नसेन, तुम्ही कागद घेऊन उभे राहा. मी उभा राहीन हो, पण मला नाही जमत. मी घाईने सांगतो. नट श्वास घ्यायला थांबलाय की विसरलाय ते मला कळत नाही. काकूंना कळतं."

अक्षया डोळे पुसत म्हणाली, "काका, वडील गेले त्या वर्षी मी नाटक सोडणार होते. स्टेजवर गेले की सगळं विसरायला व्हायचं. काकू म्हणाल्या, तू विसर, मी आहे ना. तुम्ही त्यांना न्या, तुमचा हक्क आहे. पण पाच तारखेनंतर न्या."

मी म्हटलं, हल्ली कानात घालायची यंत्रं मिळतात, ती बसवा. अक्षयाने विनीतकडे बघितलं. बोलून गेलो आणि माझं मलाच बरं वाटलं नाही.

दमयंती आल्यावर विचारलं, "तू बोलली का नाहीस? मी काय राक्षस आहे?"

पिशवीतली भाजी काढत होती. म्हणाली, "तुम्ही तारीख सांगितलीत. विचारली नव्हतीत."

आवाज चढवला नाही, काही नाही. वांगी धुवायला लागली. मी तिथेच उभा.

शेवटी संदेशला फोन करून टेम्पो एक दिवसाने पुढे ढकलला. सहा तारखेला सकाळी. एका दिवसाने काय बिघडतं? सोनूबाईला सांगितलं तर म्हणते, "केवढे उपकार केलेत हो, भावोजी!" हिला बोलायला कोणी शिकवलं असेल?

४ डिसेंबर, गुरुवार

खोके तयार. भिंतीवरची घड्याळंही काढली. आज ती तालमीहून आली आणि रिकाम्या खोलीत उगाच उभी राहिली. म्हटलं, "उद्या मीही येतो नाटकाला. शहरात जाण्याआधी इथलंही बघून घेऊ."

"या की," म्हणाली. आणि खरंच खूश झाली. गंमत आहे.

६ डिसेंबर, शनिवार. सकाळ

आज वारा बघितला नाही.

कालचं लिहितो.

नाट्यगृह भरलं होतं. मला वाटलं होतं पाच-पन्नास डोकी असतील. अख्खी रत्नागिरी होती! वकील होते, मासेवाल्या होत्या, भिकाजी गुडघा सांभाळत पहिल्या रांगेत. मी मध्यावर बसलो, डाव्या हाताला. हे सगळे लोक दर हिवाळ्याला इथे येत होते आणि मी कुठल्या तरी बंदरात बसून म्हणत होतो की माझं गाव आठला झोपतं. माझीच मला लाज वाटली.

नाटक चांगलं रंगलं. दुसरा अंक. बापाने दवाखाना विकल्याचं सांगितलं आणि थोरलीने उलटून बोलायचं होतं. अक्षया पुढे आली. तोंड उघडलं. आणि थांबली.

लोकांना वाटलं अभिनय आहे. पण मी त्या पोरीचे डोळे ओळखले. वादळात पहिल्यांदा डेकवर उभ्या राहिलेल्या नव्या खलाशाचे डोळे असतात तसे होते. माझ्या हातांनी खुर्ची धरली. वेळ जाईना. मनात म्हटलं, दमयंती, सांग! अगं सांग तिला!

सांगितलं नाही. थांबली ती. पोरीला श्वास घेऊ दिला. आणि मग विंगेतून आलं, "दूध."

एवढंच. शेजारच्या माणसाला ऐकू गेलं नाही, परीक्षकांना गेलं नाही. मला गेलं. कसं जाणार नाही? जहाजाच्या खरखरत्या फोनवर कान चिकटवून जन्मभर हाच आवाज ऐकला. हीच पट्टी, हाच हलकेपणा. शाब्बास म्हणा. ओरडू नका. कबड्डीचं विचारा.

"दूध तापत ठेवलंय, अण्णा," अक्षया म्हणाली, आणि तिथून जी सुटली! लोक रडत होते. मीही रडत होतो, पण माझं कारण वेगळं होतं. सुजयचा चांगला बाप म्हणून गावात माझं नाव आहे. महिपत माणसं विसरला नाही म्हणून नाव आहे. ते सगळं बोललो मी, पण त्यातला एक शब्द माझा नव्हता. ठाण्यात मृणालीसमोर मी मुका का झालो, ते काल कळलं. खांद्याशी ही नव्हती.

पडदा पडल्यावर मागे गेलो. अक्षयाभोवती गर्दी. कुणी पेढे वाटतंय, कुणी फोटो काढतंय. दमयंती कोपऱ्यात कागद पिशवीत ठेवत होती. सगळ्या खुर्च्या घडी करून झाल्यावर तिने आपली बुटकी खुर्ची उचलली आणि जरा वेळ हातात धरली. मग विनीतकडे दिली. "सांभाळा हां," म्हणाली.

रिक्षात ती पिशवी मांडीवर धरून बसली.

सकाळी चहा घेऊन आली. म्हणाली, "आवरा. संदेश येईल."

मला बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि काही येईना. तिच्याकडे बघितलं. आयुष्यभराची सवय, पुढचा शब्द तिकडून येतो. ती माझ्याकडे बघत होती, काल त्या पोरीकडे बघत होती तशीच. पण शब्द दिला नाही. थांबली. चहावर साय धरली तरी थांबली.

मग मीच म्हटलं, "दमयंती, तुला ठाण्याला जायचंय का?"

"नाही!"

एवढ्या मोठ्याने म्हणाली की कुंपणापलीकडे सोनूबाईच्या हातातली कळशी थांबली. हिला एवढा आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं. तिलाही नसावं, कारण लगेच पदर तोंडाला लावून खाली बसली, हसतेय की रडतेय ते कळेना. मी पण खाली बसलो, खोक्यावर.

संदेश आला त्याला चहा पाजून परत पाठवला. खोक्यांच्या गाठी सोडायला दिवस जाईल, माझ्याच हातच्या आहेत.

राहिला सुजयचा फोन. नंबर लावला आणि विचारलं, "काय सांगू गो त्याला?"

"तुमचं तुम्ही सांगा," म्हणाली आणि सरळ आत गेली. भांड्यांचा आवाज सुरू केला, मुद्दाम.

"हॅलो? बाबा? निघालात का?"

आतल्या दाराकडे एकदा बघितलं. मग बोललो.

"नाही रे. आम्ही येत नाही. तुझ्या आईला इथे काम आहे."

आत भांड्यांचा आवाज थांबला.